मार लागून गाठ झाली, की मार लागल्यावर गाठ कळली?

मिरजेत एक्स-रेच्या टेबलाशी उभं राहून मला आता वीसेक वर्षं होत आली. इतक्या वर्षांत एक वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतंच: "पडला होता ओ ताई, तेव्हापासनं आलीय ही गाठ."

गेल्या पावसाळ्यात जतकडून एक बाई आल्या होत्या, सोबत बारा वर्षांचा मुलगा. गुडघ्याच्या जरा वर, आतल्या अंगाला, लिंबाएवढी टणक गाठ. दुखत नव्हती. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी त्याला तेलाची पिशवी आणायला दुकानात धाडलं होतं, येताना सायकल घसरली आणि गुडघा सडकून आपटला. आईनं आंबेहळद उगाळून लावली. चार दिवसांत सूज उतरली, आणि सूज उतरल्यावर हाताला ही गाठ लागली. मी पोराला टेबलावर झोपवून पाय सरळ करत होते, तोवर बाईंचं एकच चाललं होतं, "मीच धाडला होता त्याला दुकानात."

चित्र पडद्यावर उमटलं. मांडीच्या हाडाच्या कडेतून एक कोंब बाहेर आलेला, चांगला देठासकट, आणि सांध्याकडे पाठ करून वर झुकलेला. असला कोंब दोन महिन्यांत तयार होत नाही, त्याला वर्षं लागतात. सायकल घसरली त्या दिवशी तो तिथं होताच. निदान सांगणं माझं काम नाही. ते हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, चांगलं समजावून सांगितलं. तरी बाहेर बाकावर बसल्यावर बाईंनी मला पुन्हा विचारलं, "मग पडल्यामुळं नाही ना झालं?"

त्या प्रश्नाचं उत्तर सरसकट 'हो' नाही आणि सरसकट 'नाही'ही नाही. मार लागून हाडासारखी टणक गाठ खरोखर होऊ शकते, पण ती बहुतेक वेळा ट्यूमर नसते. आणि जो खरा ट्यूमर असतो तो बहुतेक वेळा मारामुळे झालेला नसतो, मारामुळे कळलेला असतो. हा फरक ठाऊक नसल्यामुळे कुणीतरी विनाकारण स्वतःला दोष देत बसतं, आणि जिथे लगेच फिल्म काढायला हवी तिथे महिना-दोन महिने चोळण्यात जातात.

## 'गाठ' या एका शब्दात काय काय येतं

कपाळावरच्या टेंगळाला आपण गाठ म्हणतो, चरबीच्या आवाळूला गाठ म्हणतो, आणि कॅन्सर झाला तरी "गाठ निघाली" असंच म्हणतो. त्यामुळे शब्द कानावर पडला की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो.

डॉक्टर ट्यूमर म्हणतात तेव्हा त्यांना असं म्हणायचं असतं, की काही पेशींनी शरीराचं ऐकणं सोडलं आणि त्या आपल्या मर्जीने वाढायला लागल्या. त्यातला साधा ट्यूमर जिथल्या तिथे वाढतो, दुसऱ्या अवयवात जाऊन बसत नाही. कॅन्सर आजूबाजूला घुसतो आणि रक्तातून फुप्फुसापर्यंत पोचू शकतो. हाडाच्या बाबतीत साध्या गाठी कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. कित्येक तर आयुष्यभर कळतही नाहीत.

या दोन्हीत न बसणारी आणखी एक गोष्ट असते: शरीराने दुरुस्तीसाठी टाकलेला भराव. तोही हाताला टणक लागतो, फिल्मवर पांढरा दिसतो आणि त्यालाही आपण गाठच म्हणतो. मारानंतर खरोखर तयार होतो तो बहुतांशी हा भराव.

## बांध फुटला की आधी भराव पडतो

हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असतं, त्यात रक्त खेळतं, जुनं झिजतं आणि नवं भरलं जातं. हाडावर एक पातळ, चिवट साल असते. या लेखात मी तिला सालच म्हणणार आहे. नवं हाड तयार करणाऱ्या पेशी या सालीत असतात, आणि मुलांमध्ये ही साल जाड आणि कामाला फार तरतरीत असते.

हाड मोडलं की आधी तिथे रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ, चिकट भराव तयार होतो. मग त्यात चुना भरत जाऊन तो कडक होतो. याला कॅलस म्हणतात. शेताचा बांध फुटला की आपण काय करतो? हाताला येईल ती माती, दगड, पाचट टाकून आधी खिंड बुजवतो. तेवढा भाग मूळ बांधापेक्षा फुगीर दिसतो. पुढे सवडीने तो चोपून सारखा करतो. हाडही हेच करतं, फक्त त्याचं 'सारखं करणं' काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत चालतं.

बाळंतपणात कधी बाळाची गळपट्टी, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मोडतं. तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. पंधरा दिवसांनी न्हाऊ घालताना आजीच्या हाताला तिथे टणक गोळा लागतो आणि घरभर घबराट होते. तो कॅलस असतो. काही महिन्यांत मागमूस राहत नाही.

नडगीवर जोराचा फटका बसला, हाड मोडलं नाही, पण सालीखाली रक्त साचलं, तर ते रक्तही हळूहळू हाडात बदलून कायमचा उंचवटा राहू शकतो. लहान मुलांचं मनगटाजवळचं हाड पिचल्यावर काही महिन्यांनी फिल्मवर एक छोटा गोल काळा ठिपका दिसतो. हाडाच्या मज्जेतली चरबी सालीखाली अडकून तो तयार होतो. मारामुळेच झालेला, निरुपद्रवी, आपोआप जाणारा. पहिल्यांदा असा ठिपका पाहिला तेव्हा मीही धास्तावले होते.

साताऱ्याकडची पोरं भरतीच्या तयारीला लागली की आणखी एक प्रकार दिसतो. ज्या जिल्ह्यात एका गावाचं नावच मिलिटरी अपशिंगे पडलं, तिथे पहाटे रस्त्याने धावणाऱ्या पोरांची वाण नाही. चौदा-पंधराव्या वर्षी गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला, दुखरा उंचवटा येतो. मांडीचा स्नायू ज्या जागी हाडाला धरून असतो ती जागा वाढीच्या वयात कच्ची असते, आणि रोजच्या ओढीने ती सुजते, वर येते. अमेरिकेतल्या ऑसगुड आणि स्वित्झर्लंडमधल्या श्लॅटर या डॉक्टरांनी १९०३ साली वेगवेगळं लिहून ठेवलेला हा त्रास आहे. हाही ट्यूमर नव्हे. धावणं कमी केलं की कळ कमी होते, उंचवटा मात्र बऱ्याचदा राहतो.

## मांसात उगवणारं हाड

आता सगळ्यात फसव्या प्रकाराकडे येते. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या घरात तो घडला.

तालमीच्या आसपास वावरलेल्या प्रत्येकाने कान मोडलेला पैलवान पाहिलेला असतो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून पदक आणलं तो हा मुलूख. इथे तसा कान मानाने मिरवतात. तो कान तसा का होतो? सरावात कान घासला, दाबला गेला की कुर्ची, म्हणजे कानातलं लवचिक मऊ हाड, आणि तिच्यावरची साल यांच्यामध्ये रक्त साकळतं. ते वेळेत काढलं नाही तर साल तिथेच नवी कुर्ची घालते आणि कान कायमचा घट्ट, गोळा होऊन बसतो. म्हणजे साकळलेल्या रक्ताच्या जागी शरीराने नको ते बांधकाम केलं.

तसंच मांडीच्या किंवा दंडाच्या मांसात होऊ शकतं. मुका मार लागतो, मांस आत चेचतं, रक्त साकळतं, आणि दुरुस्तीला आलेल्या पेशी मांसाऐवजी हाड घालायला लागतात. याचं नाव मायोसायटिस ऑसिफिकन्स. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घोडदळातल्या शिपायांच्या मांडीत असं हाड सापडायचं, त्याला 'स्वाराचं हाड' असं नावच पडलं होतं. आपल्याकडे ते कबड्डी, कुस्ती, फुटबॉल खेळणाऱ्या तरण्या पोरांत दिसतं. आणि कोपराला मार लागल्यावर ज्यांना जोरात चोळलं, ओढलं जातं, त्या लहान मुलांतही.

माझा भाचा तासगावजवळच्या गावात कबड्डी खेळतो. एका सामन्यात समोरच्या गड्याचा गुडघा त्याच्या मांडीत बसला. मांडी काळीनिळी झाली. भावाचा फोन आला, "अक्का, मुका मार हाय, चोळून मोकळं करून घेतो." मी "थांब जरा" एवढंच म्हणाले, जोर देऊन काही बोलले नाही, त्याची हळहळ मला अजून आहे. तिसऱ्या दिवसापासून रोज गरम तेलाने रगडून मालिश, आणि वर गुडघा दाबून दाबून वाकवणं. पोरगं ओरडायचं. सगळे म्हणायचे, आत साकळलेलं फुटतंय, बरं होईल.

तीन आठवड्यांनी गुडघा काटकोनापुढे वाकेना. मांडीत हाताएवढा लांब टणक गोळा. पाचव्या आठवड्यात भाऊ त्याला मिरजेला घेऊन आला आणि फिल्म मी स्वतः काढली. हाडाला लागून, पण हाडापासून वेगळा, पिंजलेल्या कापसासारखा पांढुरका धूर दिसत होता. माझ्या घशाला कोरड पडली. असा धूर मी कॅन्सरच्या पोरांच्या फिल्मवरही पाहिलेला आहे.

आमच्या थोरल्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली, सामन्याची तारीख विचारली, आठवडे मोजले आणि म्हणाले, "आत्ता सुई लावून तुकडा काढायचा नाही, चार आठवड्यांनी पुन्हा फिल्म." तेव्हा त्यांनी जे समजावलं ते मी गुळाच्या ढेपेवरून लक्षात ठेवलंय. गुऱ्हाळात काहिलीतला रस साच्यात ओतला की तो कडेकडेने आधी आवळतो, मधला भाग बराच वेळ मऊ राहतो. मांसातलं हे हाड तसंच पिकतं. बाहेरची कड आधी पक्की होते आणि मध्य कच्चा राहतो. हाडाच्या कॅन्सरमध्ये बहुधा याच्या उलट असतं, मध्य जास्त घट्ट आणि कडा कच्च्या, विस्कटलेल्या. पहिल्या काही आठवड्यांत मात्र दोन्ही सारखे दिसू शकतात. त्याच वेळी सुई मध्यावर गेली तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या अर्धवट, भराभर वाढणाऱ्या पेशी कॅन्सरसारख्या वाटू शकतात. साध्या गाठीसाठी पाय गमवायची पाळी येऊ नये म्हणून अशा वेळी काही आठवडे थांबणं हा उपचाराचाच भाग असतो. अर्थात हे थांबणं डॉक्टरांच्या नजरेखालचं. घरी बसून थांबणं वेगळं.

चार आठवड्यांनी फिल्मवर अंड्याच्या टरफलासारखी स्वच्छ कड उमटली होती. त्या दिवशी मी भावाला फोन करताना रडले. मालिश बंद, दुखेल इतकं वाकवणं बंद, हळूहळू स्वतःच्या ताकदीने व्यायाम. आठ महिन्यांत गोळा निम्म्यावर आला आणि गुडघा पूर्ण वाकला. बऱ्याच जणांचं असंच आपोआप निभावतं. ऑपरेशन लागतं ते थोड्यांना, आणि तेही ते हाड पूर्ण पिकल्यावर, सहसा सहा महिने ते वर्ष उलटल्यावर. कच्चं असताना काढलं तर पुन्हा उगवायची भीती असते.

पहिल्या पंधरवड्यातच आलो असतो तर काय दिसलं असतं? बहुधा काहीच नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर हे हाड उमटत नाही, सोनोग्राफीत थोडं आधी कळू शकतं. म्हणून "फिल्म तर चांगली आली होती" म्हणून निश्चिंत होऊ नये. गोळा वाढत असेल तर फिल्म पुन्हा काढावी लागते.

## वाळवी लागलेली चौकट

इथवर सांगितलं ते सगळं मारामुळे झालेलं. आता दुसरी बाजू.

दाराच्या चौकटीला आतून वाळवी लागलेली असते. वरून रंग चांगला. एक दिवस वाऱ्याने दार आपटतं आणि चौकट मोडते. आपण वाऱ्याला दोष देतो. हाडातल्या साध्या गाठींचं निम्मं गणित या चौकटीसारखं आहे.

दंडाच्या हाडात, खांद्याजवळ, वाढीच्या वयातल्या मुलांना पाण्याने भरलेली पोकळी होते. तिला हाडातली साधी पाण्याची गाठ म्हणू. ती दुखत नाही, वरून दिसत नाही. मग पोरगं चेंडू जोरात फेकतं किंवा ओट्यावरून उडी मारतं आणि दंड मोडतो. घरचे म्हणतात, "एवढ्याशानं हाड कसं मोडलं?" फिल्मवर कधी कधी त्या पोकळीच्या तळाशी हाडाचा एक कपचा पडलेला दिसतो, हौदात खडा टाकावा तसा. कपचा तळाशी गेला म्हणजे आत पाणी आहे, आणि पाणी आहे म्हणजे पोकळी आधीचीच. फ्रॅक्चर जुळताना काही मुलांत ही पोकळीही भरून येते, पण सगळ्यांच्या नशिबी ते नसतं.

हाताच्या बोटांच्या हाडांत कुर्चीची गाठ असते, बोट दारात सापडून मोडलं की ती कळते. आणखी एक तंतूंची छोटी गाठ वाढीच्या वयातल्या जवळपास दर तीन मुलांमागे एकात असावी असा अंदाज आहे. ती ना दुखते ना वाढून त्रास देते, बहुतेकांत मोठेपणी आपोआप भरून जाते. तिचा पत्ता लागतो तो पाय मुरगळला म्हणून काढलेल्या फिल्मवर. पाय मुरगळला नसता तर ती होती हे कुणालाच कळलं नसतं.

जतच्या त्या पोराची गाठ हाडाच्या साध्या ट्यूमरांत सर्वात जास्त आढळणारी. तिला ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणतात. लांब हाडाच्या टोकाजवळ वाढीची पट्टी असते, तिथून हाड लांब होत जातं. त्या पट्टीतला कुर्चीचा एक कण बाजूला सरकतो आणि आडवा वाढायला लागतो, उसाच्या कांड्यावरच्या डोळ्यातून बाजूला फुटवा यावा तसा. पोर वाढेल तसा तोही वाढतो, आणि उंची वाढायची थांबली की तोही थांबतो. याच्या मुळाशी पेशींमधल्या जीनचा बिघाड असतो. काही घराण्यांत तो वारशाने येतो आणि अंगभर अनेक गाठी असतात. मारामुळे अशी गाठ होतच नाही का? वाढीच्या पट्टीलाच इजा झाल्यावर ती आल्याच्या तुरळक नोंदी आहेत, आणि लहानपणी कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या मुलांत ती जास्त आढळते. पण गुडघा एकदा आपटला आणि दोन महिन्यांत देठासकट कोंब आला, असं होत नाही.

## 'पण आमच्या पोराला तर मारानंतरच आली की'

हा आक्षेप मला रोज ऐकू येतो आणि तो मी कधीच हसण्यावारी नेत नाही. माणूस जे पाहतो तेच सांगतो.

पण जरा आठवून बघा. तुमचं पोर गेल्या महिन्यात किती वेळा पडलं? झाडावरून, सायकलवरून, शाळेच्या पायरीवरून. बारा वर्षांच्या पोराचा एक आठवडा खरचटल्याशिवाय जात नाही. त्यातले नव्याण्णव मार आपण विसरतो. गाठ दिसली की मन मागे जाऊन कारण शोधतं आणि शंभरावा मार सापडतो. वर मार लागलेल्या जागेवरून आपण हात फिरवतो, तेल लावतो, रोज दाबून बघतो. ज्या जागेवर वर्षभर हात गेला नव्हता तिथे आता दिवसातून चारदा जातो. गाठ तेव्हा सापडते.

ज्यांच्या नावाने मुलांच्या हाडांचा एक कॅन्सर ओळखला जातो, ते अमेरिकेतले डॉक्टर जेम्स युइंग याच प्रश्नावर १९२० आणि १९३० च्या दशकांत बरंच लिहीत होते. कामावर मार लागला, त्यातून ट्यूमर झाला, भरपाई द्या, असे दावे तेव्हा पुष्कळ येत. 'मारामुळे झाली' म्हणायचं तर काय काय जुळलं पाहिजे, हे त्यांनी मांडलं. मार खरोखर लागलेला आणि पुरेसा जोराचा हवा. त्याआधी ती जागा धडधाकट होती हे माहीत हवं. गाठ नेमकी त्याच जागी हवी. मार आणि गाठ यांच्यामधला काळ पटण्याजोगा हवा, म्हणजे आज मार आणि परवा लिंबाएवढा ट्यूमर, असं चालणार नाही. आणि गाठ कसली आहे याची तपासणी होऊन पक्कं निदान हवं. या पाचांच्या चाळणीतून माझ्या टेबलावर येणाऱ्या कहाण्या घातल्या, तर दुसऱ्याच अटीशी बहुतेक अडतात. आधीची फिल्म असते कुणाकडे?

## जिथे जाणकारांचंही मत बदललं

ठेच लागून अंगठ्याच्या नखाखाली हाडाचा कोंब येतो, नख वर उचललं जातं, आणि महिनोन्महिने लोक नखुरडं समजून त्यावर उपचार करत राहतात. फ्रान्सच्या डुपुइत्राँ या शल्यवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचं वर्णन केलं. पुढे कित्येक वर्षं तो ठेच आणि जंतुसंसर्ग यांचाच परिणाम मानला गेला. मग अशा गाठींच्या पेशींत गुणसूत्रांचे तुकडे ठरावीक पद्धतीने अदलाबदल झालेले सापडले. म्हणजे ही नुसती दुरुस्ती नाही, खरा साधा ट्यूमर आहे, असं म्हणणं पुढे आलं. ठेच निमित्त होते की केवळ लक्ष वेधते, यावर अजून चर्चा आहे.

रक्ताने भरलेल्या खणाखणांच्या एका गाठीचंही तसंच. १९४२ साली जॅफी आणि लिख्टेनस्टाइन या डॉक्टरांनी तिला वेगळी ओळख दिली. मार लागून हाडातला रक्तप्रवाह बिघडतो आणि ती होते, असं अनेकांना वाटे. २००४ साली तिच्यात एक जीन आपली जागा सोडून भलतीकडे जाऊन बसल्याचं दिसलं आणि ती खऱ्या ट्यूमरांत मोजली जाऊ लागली. गंमत अशी, की नंतर तोच जीन मायोसायटिसच्या बऱ्याच नमुन्यांतही तसाच सरकलेला सापडला. ज्या गोळ्याला आपण निव्वळ माराचा परिणाम म्हणत होतो, त्याच्या पेशींतही थोडी ट्यूमरची चाल आहे, फक्त तो ठरावीक काळ वाढून आपोआप थांबतो. भाच्याच्या गोळ्याविषयी हे वाचलं तेव्हा मला जरा हादराच बसला, आणि 'दुरुस्ती' आणि 'ट्यूमर' यांच्यामधली रेघ आपण समजतो तेवढी ठसठशीत नाही, हेही कळलं.

जबड्यातल्या एका रिकाम्या पोकळीला तर दातांचे डॉक्टर अजून जुन्या सवयीने 'माराची पोकळी' असंच म्हणतात, आणि त्यातल्या कित्येकांना मार लागल्याचं आठवतसुद्धा नाही.

## 'साध्या गाठीला मार लागला तर कॅन्सर होतो का?'

मारामुळे साधी गाठ कॅन्सर होते याला आधार नाही. मार लागला तर देठ मोडू शकतो, आत रक्त साकळू शकतं, पोकळीच्या जागी हाड मोडू शकतं. त्रास आहे, पण तो वेगळा. एकट्या ऑस्टिओकॉन्ड्रोमाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी मानतात, घराण्यातून आलेल्या अनेक गाठी असतील तर जास्त. उंची वाढायची थांबल्यावरही गाठ वाढत राहिली किंवा नव्याने दुखायला लागली, तर तपासायलाच हवी.

## 'सुई लावली की पसरतं म्हणतात'

या भीतीपायी माणसं तपासणीविना परत जातात. योग्य जागेतून, योग्य हाताने घेतलेल्या तुकड्यामुळे साधी गाठ कॅन्सर होत नाही. मात्र या भीतीत एक खरा कण आहे. घाईघाईने, भलत्या बाजूने छेद घेतला आणि गाठ पुढे कॅन्सरची निघाली, तर नंतरचं ऑपरेशन अवघड होतं. म्हणून शंका असेल तेव्हा सुई लावायचा निर्णय पुढचं ऑपरेशन करू शकणाऱ्या डॉक्टरांनी घ्यावा. गरज पडली तर पेशंटला मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी आधी पाठवतात आणि तुकडा तिथेच घेतात. "इथं का नाही करत?" म्हणून रागावू नका, ते तुमच्या भल्यासाठी असतं.

## मग थांबायचं किती?

मुका मार लागला तर पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून, आराम, पाय उंच. आंबेहळदीचा लेप वरून हलक्या हाताने लावला तर बिघडत नाही. बिघडतं ते रगडण्याने, शेकण्याने आणि दुखत असताना सांधा जबरदस्तीने वाकवण्याने. कोपर असेल तर हे दुप्पट लागू. मुलांचं कोपर चोळून कायमचं आखडलेलं मी पाहिलंय, ती पोरं आज मोठी झालीत आणि घास तोंडापर्यंत नेताना मान खाली आणतात.

साधी सूज दिवसागणिक उतरते. तीन आठवडे झाले आणि गोळा उतरायच्या ऐवजी वाढतोय, तर तेल बाजूला ठेवून फिल्म काढायला या. दुखणं रात्री वाढतंय, पोर झोपेतून उठतंय, स्वस्थ पडलं तरी कळ थांबत नाही, वजन घटतंय, तर तीन आठवडेही थांबू नका. किरकोळ कारणाने हाड मोडलं असेल तर प्लास्टर घालताना डॉक्टरांना सरळ विचारा, "आत आधीचं काही होतं का?" दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींत गुडघ्याच्या आसपासची दुखरी गाठ ही विशेष लक्ष देण्याची जागा आहे, कारण मुलांमध्ये हाडाचा कॅन्सर जेव्हा होतो तेव्हा बहुतेकदा याच वयात आणि याच जागी. तोही "खेळताना लागलं असेल" म्हणून आठवडेच्या आठवडे चोळला गेलेला असतो. ही पोरं जेव्हा उशिरा टेबलावर येतात, तेव्हा फिल्म काढताना माझा हात जड होतो.

आणखी एक विनंती. जुनी फिल्म रद्दीत टाकू नका, मोबाइलमध्ये तिचा फोटो ठेवा, तारखेसकट. "पूर्वी इथे काही नव्हतं" किंवा "पूर्वीही होतं" हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो.

जतच्या बाई सहा महिन्यांनी पोराला घेऊन पुन्हा आल्या. डॉक्टरांनी त्याला नुसतं नजरेखाली ठेवलं होतं, दुखत नाही तोवर ऑपरेशनची घाई नाही म्हणून. मी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून त्यांना दाखवल्या: कोंब तोच, देठ तोच, पोराच्या उंचीच्या मानाने किंचित वाढलेला. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, पहिल्या फिल्मची एक प्रत मिळेल का. मी विचारलं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची आहे का?

"नाही ओ ताई," त्या म्हणाल्या. "घरी सासूबाईंना दाखवायची हाय."